कापून टाकलेलं टोक

मेलेल्या माणसांच्या नावाने सुरी करायची, हे डोकं ज्या बाईचं होतं तिला स्वतःच्या घरात भाजी चिरायची सुरी कुठल्या खणात असते हेही ठाऊक नसेल. पण पैसेवाल्यांना एकदा कळवळा आला की तो धरणाच्या पाण्यासारखा येतो. मध्ये कोण बुडतंय ते बघत नाही.

मॅडम स्वतः गाडीतून उतरून वर्कशॉपमध्ये आल्या. भट्टीची राख उडून साडीवर बसेल म्हणून दारातच थांबल्या. मागे ड्रायव्हर उभा, त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू. ड्रायव्हर नवा होता, मालकाच्या म्हणजे मॅडमच्या यजमानांच्या ट्रकवरचा. जुना मेला होता, आणि जुना ड्रायव्हर म्हणजे सुरीवाल्याचा सख्खा थोरला भाऊ.

"तुमचं फार नाव ऐकलंय," मॅडम म्हणाल्या. "शहरातले मोठमोठे शेफ तुमच्या सुऱ्या वापरतात म्हणे."

"वापरतात. उधारीवर," सुरीवाला म्हणाला.

मॅडम हसल्या. असल्या माणसांच्या असल्या बोलण्यावर हसायचं असतं हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं असावं. मग त्यांनी सांगितलं. खाणीतून मजूर घेऊन उतरणारा त्यांच्या यजमानांचा ट्रक उतारावर उलटला, त्याला आता बरेच महिने झाले. गेलेल्यांच्या बायकामुलांसाठी त्यांनी निधी काढलाय. मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम, बडी मंडळी, लिलाव. आणि लिलावात सगळ्यात शेवटी एकच वस्तू. त्याच ट्रकच्या पोलादातून हाताने घडवलेली सुरी.

"म्हणजे दुःखातून काहीतरी सुंदर," मॅडम म्हणाल्या.

ड्रायव्हरने फडकं सोडलं. आत कमानपाट्याचा तुकडा होता, हातभर लांब. ट्रकच्या चाकावर जे पोलादी पट्ट्यांचं धनुष्य असतं, त्यातली सगळ्यात वरची पट्टी. एका बाजूला शाबूत, दुसऱ्या बाजूला तुटलेली.

सुरीवाल्याने शाबूत बाजूला बघितलं. तुटल्या बाजूकडे त्याची मान वळेना. दादा त्या ट्रकच्या केबिनमध्ये सापडला होता. स्टिअरिंग छातीत घुसलेलं. ओळख पटवायला यालाच बोलावलं होतं.

"निधीतून कुणाकुणाला मिळणार?" त्याने विचारलं.

"सगळ्या मजुरांच्या कुटुंबांना."

"ड्रायव्हरच्या?"

मॅडमनी पदर सारखा केला. "तुम्हाला वाईट वाटेल, पण... चूक त्यांचीच होती ना. वेगात होते. तसंच ठरलंय सगळं."

तसंच ठरलं होतं खरं. मालकाने ठरवलं, मॅनेजरने लिहून दिलं, गावाने वाटून घेतलं. वहिनी नळावर गेली की बाया हंडे बाजूला घेत. क्लीनरची बायको सगळ्यात पुढे. दादाबरोबर केबिनमध्ये बसणारा क्लीनरही त्या दिवशी गेला होता, आणि ती वहिनीच्या तोंडावर म्हणाली होती, "तुझ्या नवऱ्याने माझा नवरा खाल्ला." वहिनीने भरलेला हंडा तिथेच ओतला आणि रिकामा घेऊन घरी आली.

"सुरी करतो," सुरीवाला म्हणाला. "मजुरी नको. पण माझ्या वहिनीचं नाव बाकीच्या बायांबरोबर घ्यायचं. त्याच ओळीत खुर्ची, त्याच हाताने चेक. दया म्हणून वेगळं पाकीट नको."

मॅडमनी जरा विचार केला. मग मान डोलावली, आणि डोलावताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की जणू देवळाचा कळस यांनीच चढवला.

पैशाची गोष्ट नव्हतीच. वहिनीला त्या ओळीत बसलेली साऱ्या गावाने बघावं, मग दादाला खुनी म्हणायला लोकांची जीभ जड होईल, एवढाच त्याचा हिशोब होता. हिशोब सरळ होता. सरळ माणसाला हिशोबात गंडवणं सगळ्यात सोपं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "ज्या लोखंडाने दादांना मारलं ते घरात आणलंत?"

"वर्कशॉपमध्ये आणलंय. घरात नाही."

"मोठा फरक केलात! आणि वहिनींना?"

"सांगायचं नाही. कशाची आहे ते कळायला नको. सुरी केली, निधीला दिली, एवढंच कळू दे."

"कळलं तर?"

"तू बोलली नाहीस तर कोण सांगतंय?"

"माझं तोंड बंद ठेवण्यात तुमचा जन्म गेला," बायको म्हणाली, आणि गप्प बसली. तिथे तिने बोलायला हवं होतं. पण नेमकं नको तेव्हा या घरात सगळे शहाणे होत.

सुरीवाल्याच्या बापाची एक शिकवण होती. तुटलेल्या लोखंडाचं तुटलं टोक कामात धरायचं नाही. ते बघत बसायचं नाही, त्यावर हात फिरवायचा नाही. चार बोटं मागे घ्यायचं आणि कापून टाकायचं, कारण जिथे एकदा तुटलं त्याच्या आसपास आणखी चिरा दबा धरून असतात. आणि कापलेलं टोक वाया घालवायचं नाही. मूळ पात्याला पाणी देण्याआधी त्या टोकाला द्यायचं. तापवायचं, तेलात बुडवायचं, मग शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून हातोड्याने मोडायचं आणि आतला दाणा बघायचा. दाणा बारीक आला तर ताव बरोबर. जाड आला तर जास्त झाला. परीक्षा टोकाची, पास व्हायचं पात्याने.

इतर वेळी सुरीवाला बापाचं ऐकून न ऐकल्यासारखं करून तुटल्या टोकाकडे एकदा बघून घेई. कसं तुटलं, कुठून सुरुवात झाली, हे बघण्यात त्याला गंमत वाटे. या वेळी त्याने डोळे दुसरीकडे केले. नव्या ड्रायव्हरने आणलेल्या त्याच फडक्याने तुटकी बाजू झाकून पाटा शेगड्यात धरला, चार बोटं मागून कापला, आणि टोक सांडशीत पकडून तसंच भट्टीत सारलं.

पंख्याने भट्टी फुलवली. टोक लाल व्हायला लागलं. तेव्हा तुटल्या बाजूला काहीतरी काळं फसफसलं, बुडबुडे आले, पिवळट धूर निघाला आणि नाकाला ऑइलपेंटचा झणका बसला. ट्रकची खालची बाजू, तिला काय काय लागलेलं असतं! ग्रीस, डांबर, रंग. त्याने नाक पुसलं. लोहचुंबक टोकाला चिकटेनासं झालं, म्हणजे ताव पुरा झाला, तेव्हा ते तेलात बुडवलं, गार केलं, मोडलं.

दाणा रेशमासारखा आला. राखाडी, मऊ, एकसारखा. मोडलेले दोन्ही तुकडे त्याने भंगाराच्या डब्यात टाकले.

मग पातं घडवलं. दादाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्याने तो पाटा ठोकून ठोकून सरळ केला. ज्या कमानीने आयुष्यभर ओझं वाहिलं तिचा बाक सहजी जात नाही. तापवून सोडला की परत थोडा वाकतो. त्याने शिव्या दिल्या, परत ठोकला. कानशीने उतार काढला. मुठीला त्याच ट्रकच्या फाळक्याचं लाकूड मॅडमनी पाठवलं होतं, तेही बसवलं. शेवटी धार लावून अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली. नख सोलून निघालं. आयुष्यात इतकं चोख काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी वर्कशॉपमध्ये आली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. चपला धुळीने भरलेल्या, चेहरा उन्हाने काळवंडलेला.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर."

"बसा तर खरं."

ती बसली नाही. "मी तुमच्यापासून एक लपवलंय. चौकशीच्या ऑफिसात जाते मी. पहिल्यापासून. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हातोडा घेऊन मालकाच्या दारात गेला असता. मॅनेजरला मारलंत तेव्हा सोडवायला कोण आलं होतं?"

"कसली चौकशी?"

"ट्रक कसा उलटला त्याची. हे मला बोलले होते, गेले त्याच्या आदल्या आठवड्यात. पाट्याला चीर आहे म्हणाले. केसासारखी नाही, नख जाईल एवढी. मालकाला दाखवली. मालक म्हणाला, तपासणी होऊन जाऊ दे, मग बदलू. आणि तपासणीत दिसू नये म्हणून चीर दाबून वरून काळा रंग मारून घेतला. तोच पाटा तुटला. वेगबिग काही नव्हतं." ती श्वास घ्यायला थांबली. "साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणतात, बाई, तोंडाने काय कुणीही सांगेल. तुटलेला पाटा आणा. चीर आधीची असेल तर तुटल्या भागात आतपर्यंत रंग गेलेला असणार. त्या दिवशी तुटला असेल तर आत रंग असायचं कारण नाही. तेवढं दिसलं की बास. मालकाने लिहून दिलंय की ट्रक भंगारात गेला, पाट्याबिट्यासकट, काहीच शिल्लक नाही. तुम्ही भंगारवाल्यांना ओळखता, म्हणून..."

सुरीवाला ऐरणीवर बसला. ऐरण अजून कोमट होती.

"भाऊजी?"

त्याने कपाटातून सुरी काढून तिच्यापुढे धरली. बोलायला तोंड उघडलं तर त्यातून तोच ऑइलपेंटचा धूर निघेल असं त्याला वाटलं.

वहिनीने सुरी बघितली. मुठीचं लाकूड बघितलं. फाळक्याच्या निळ्या रंगाची एक पुसट रेघ त्यावर राहिली होती. दादाने स्वतः रंगवला होता तो फाळका.

"हे..."

"मॅडमनी दिलं. निधीसाठी. तुमचं नाव घ्यायला लावलं मी त्यात."

"आणि तुटलेली बाजू?"

तो उठला. भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला. गुडघ्यांवर बसून किस, खिळे, कापलेले तुकडे बाजूला सारत राहिला. शेवटी ते दोन तुकडे हाताला लागले. तुटली बाजू जळून खवल्याखवल्याची झाली होती. रंग नाही, चीर नाही. जाळ सगळं सारखं करून टाकतो.

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "बघवलं नाही मला. फडक्याने झाकून कापलं. रंग जळताना वास आला, तरी कळलं नाही. वहिनी, मी पुरावा जाळला. फुकटात जाळला. आणि वर धार लावून दिली."

वहिनी रडली असती तर बरं झालं असतं. तिने ते दोन तुकडे पदराच्या टोकात बांधले.

"ही सुरी मी आत्ता मोडतो," तो म्हणाला.

"मोडू नका." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मालकाने चौकशीत काय लिहून दिलंय? काहीच शिल्लक नाही. आणि उद्या हॉलमध्ये काय सांगणार आहेत? त्याच ट्रकच्या पाट्याची सुरी. सांगू दे. भरल्या हॉलमध्ये, माईकवरून, स्वतःच्या तोंडाने सांगू दे. मग मी साहेबांकडे जाईन. म्हणेन, रंग जळलाय खरा, पण जाळायला कुणी दिला ते विचारा."

हॉलमध्ये गारेगार हवा सोडलेली. गुबगुबीत खुर्च्या, टेबलावर पांढरं कापड, बाहेर खाण्याचे स्टॉल. मेलेल्यांच्या बायका व्यासपीठाजवळ एका ओळीत बसवल्या होत्या. सगळ्यांना एकाच रंगाच्या साड्या वाटलेल्या. घड्या मोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या कापडाच्या दुकानातल्या बाहुल्यांसारख्या दिसत होत्या. वहिनीची खुर्ची त्याच ओळीत होती, मॅडम शब्दाला जागल्या होत्या. फक्त तिच्या बाजूची एक खुर्ची कुणी बसायला तयार नाही म्हणून रिकामी. पलीकडे क्लीनरची बायको, पाठ करून.

सुरीवाला कडेला उभा होता. पहिल्या रांगेत मालकाच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. हातात सरबताचा ग्लास, मालकाच्या कानाला लागून हसत होते. सुरीवाल्याला ते कोण ते ठाऊक नव्हतं. वहिनीला होतं. तिने मान वळवून दिराकडे बघितलं आणि ओठ हलवले. साहेब.

चौकशीचे साहेब. प्रमुख पाहुणे.

माणूस किती वेळा मरतो? वहिनीचा चेहरा बघून त्याला वाटलं, दादा आत्ता तिसऱ्यांदा मेला. एकदा ट्रकमध्ये, एकदा भट्टीत, एकदा इथे.

मॅडम माईकवर आल्या. गळा दाटून आला, उतरला, परत दाटून आला. "ज्या ट्रकने आपल्यातली माणसं नेली, त्याच ट्रकच्या कमानपाट्यातून आमच्या कारागिराने ही सुरी घडवली आहे. तो तुटलेला पाटा आम्ही जपून ठेवला होता. आज तो या माउलींच्या संसाराला आधार देतो आहे."

टाळ्या. साहेबांनीही वाजवल्या. ग्लास मांडीत धरून, जोरात.

बोली चढत गेली. मालकाने सगळ्यात वरची लावली, ते आधीच ठरलेलं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आपलाच पैसा, आपल्याच निधीत, आपल्याच हाताने, आणि वाहवा जगाची. मालकाने सुरी उचलून दिव्याच्या उजेडात फिरवली. फोटो निघाले.

"आता कारागिराचे दोन शब्द!" मॅडम म्हणाल्या. "बोला, दोनच बोला, संकोच करू नका."

सुरीवाल्याने माईक हातात घेतला. त्याला भाषण येत नव्हतं. तो हॉलशी बोललाच नाही, पहिल्या रांगेतल्या एका माणसाशी बोलला.

"साहेब, माझ्या वहिनीला तुम्ही सांगितलं होतं, तुटलेला पाटा आणा. मालकांनी तुम्हाला लिहून दिलं होतं, पाटा शिल्लक नाही. आत्ता त्यांच्या बायको बोलल्या ते तुम्ही ऐकलंत. टाळ्याही वाजवल्यात. तर हा घ्या पाटा. मालकांच्याच हातात आहे. त्याच्या चिरेत काळा रंग होता, तो मी जाळला. माझी चूक, मी फासावर जायला तयार आहे. पण आणून कुणी दिला, तेवढं यांना विचारा. इथेच विचारा. आम्ही सगळे बसलोय."

मालकाने सुरी टेबलावर ठेवली. ठेवली कसली, सोडली. जणू अजून लाल होती.

साहेबांनी खुर्चीखाली काही पडलंय का ते बघितलं. काही पडलेलं नव्हतं. मग ते उठले. "ही जागा नाही असल्या गोष्टींची," एवढं बोलून दाराकडे चालायला लागले. मॅनेजर मागे धावला.

"भावाच्या दुःखाने भान सुटलंय त्यांचं," मॅडम माईकवर म्हणाल्या. या वेळी गळा दाटला नाही.

मालक शांत होता. असली माणसं शांतच असतात, आरडाओरड करायला त्यांच्याकडे माणसं असतात. "जिथे आमच्यावर असे आरोप होतात," तो म्हणाला, "तिथे आमची मदत घ्यायला कुणाला भाग पाडायचं नाही. निधी थांबवा. चेक परत घ्या."

कुणीतरी चेकची पेटी उचलून आत नेली. तेव्हा कुठे त्या ओळीतल्या बायकांना काय झालं ते कळलं. एक जोरात ओरडली. दुसरी खुर्ची लोटून उठली. "हिच्या दिराने घास काढला तोंडातला! भावाने माणसं मारली, हा पोरं मारतोय!" कुणीतरी वहिनीच्या अंगावर थुंकलं. नव्या साडीवरून ती थुंकी घरंगळत खाली गेली. वहिनीने पुसली नाही.

साहेबांना सोडून परतलेला मॅनेजर सुरी उचलायला आला. सुरीवाल्याचा हात आधी पोचला.

"लिलाव मोडला ना? मग माझी आहे."

दोघं चालत निघाले. सुरी वहिनीच्या पिशवीत, पदराच्या टोकाला ते दोन जळके तुकडे. मागून क्लीनरची बायको येत होती, शिव्या देत. कान किटले. खाणीच्या रस्त्यावरून, नळापासून, बोळापर्यंत. बाकीच्या बायका एकेक करून आपापल्या वाटेने गेल्या. हिची जीभ थकेना.

"माझ्या पोरीची फी भरायची होती त्यातून! तुझ्या दिराला सत्याची उबळ आली! सत्य काय शिजवून घालू?"

"चूक झाली," सुरीवाला मागे न बघता म्हणाला.

"चुकीने पोट भरतं का तुझं?"

बोळात तिचं घर लागलं. घराचं दार काळंकुट्ट होतं, चकचकीत. सगळ्या बोळात एकच असलं दार. लोक तिला हसत, कुणी दाराला काळा रंग देतं का म्हणून. वहिनी त्या दारासमोर थांबली. इतके महिने ती इथून खाली मान घालून जात होती. आज मान वर होती, कारण आता आणखी खाली घालायला जागाच उरली नव्हती.

"हा रंग कधी दिला?" वहिनीने विचारलं.

क्लीनरची बायको एकदम गप्प झाली. सबंध रस्ताभर पहिल्यांदाच.

"ताई, हा रंग कधी दिलास?"

"मी नाही दिला." तिने किल्ली काढली. कुलूप उघडलं. आत जायला पाऊल टाकलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली, सगळं बळ गेल्यासारखी. "त्याने दिला. त्या ट्रकखाली झोपून रंग मारून आला होता, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाला, चीर बुजवली, डबा उरलाय, आपलं दार तरी नवं करू." तिने नाक साडीला पुसलं. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाचा मॅनेजर आला. म्हणाला, निधी येतोय, तोंड सांभाळ. मी सांभाळलं. तुला शिव्या दिल्या म्हणजे माझ्या तोंडून ते निघायचं नाही, म्हणून दिल्या."

बोळात कुणाच्या तरी घरातला कुकर वाजत होता.

"साहेब त्यांचाच आहे," सुरीवाला म्हणाला. "बघितलंस ना तू."

"बघितलं." ती त्या दोघांकडे बघत होती, आणि त्या बघण्यात माया नव्हती. "माझा चेक घालवलात तुम्ही. आता गप्प राहून मला काय मिळणार आहे?"

ती उठली. सुरीसाठी वहिनीपुढे हात केला. वहिनीने पिशवीतून काढून दिली. तिने दाराच्या फळीवर, कडीच्या खाली, सुरीचं टोक रोवलं आणि तो काळा रंग ढलपीसकट सोलून काढला. एकाच दमात. धार चोख होती.

"हे घ्या," ती म्हणाली. "तुमच्या त्या जळक्या तुकड्यांबरोबर बांधा. हाच रंग चिरेत कुणी मारायला लावला ते मी सांगेन. हा साहेब हाकलेल. मग त्याच्या वरच्याकडे जाऊ. तोही हाकलेल." तिने सुरी परत दिली. "उद्या सकाळी मला घ्यायला या. आणि रस्त्यात माझ्याशी बोलू नका."